फोन आडवा केला की ॲप क्रॅश होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीन फिरवली की ॲप पडतं, या एकाच विषयावर इतके मेसेज येत राहतात की तेच उत्तर परत परत टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलेलं बरं. जास्त प्रश्न अँड्रॉइडचे येतात म्हणून इथेही अँड्रॉइडच जास्त आहे. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह (ही दोन्ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएसची ॲप बनवायची साधनं) आणि आयओएसवाल्यांनी प्रश्न १९ ते २१ बघा, पण पहिला प्रश्न सगळ्यांनीच वाचा.

१. फोन उभा असेपर्यंत ॲप मस्त चालतं, आडवा केला की बंद. नेमकं होतं काय?

अँड्रॉइडमध्ये फोन फिरवला की सिस्टिम तुमची ॲक्टिव्हिटी (ॲपची एक स्क्रीन सांभाळणारा क्लास) वळवत नाही, ती चक्क मोडून टाकते आणि नवीन बनवते. आडव्या स्क्रीनसाठी लेआउट वेगळा असू शकतो, चित्रं वेगळी असू शकतात, म्हणून सगळं नव्याने लोड करणं तिला सोपं पडतं. तेव्हा सिस्टिम ॲक्टिव्हिटीची जी फंक्शन्स ओळीने बोलावते त्यांचा क्रम असा: ऑनपॉज, ऑनस्टॉप, ऑनसेव्ह-इन्स्टन्स-स्टेट, ऑनडिस्ट्रॉय, आणि लगेच नवीन ऑब्जेक्टवर ऑनक्रिएट, ऑनस्टार्ट, ऑनरिस्टोअर-इन्स्टन्स-स्टेट, ऑनरेझ्युम. (अँड्रॉइड ९ च्या आधी ऑनसेव्ह हे ऑनस्टॉपच्या आधी यायचं, जुने लेख वाचताना गोंधळ होतो तो यामुळे.)

म्हणजे क्लासमध्ये जे व्हेरिएबल ठेवले होते ते जुन्या ऑब्जेक्टबरोबर गेले. क्रॅश मग दोन बाजूंनी येतो, एक तर नवीन ॲक्टिव्हिटी असं काहीतरी मागते जे तिला कोणी दिलेलंच नाही, किंवा जुन्या मेलेल्या ॲक्टिव्हिटीला कोणीतरी अजून धरून बसलंय आणि तिच्यावर काम करायला जातंय. खालचे बहुतेक सगळे प्रश्न या दोनातच बसतात.

आणि एक आत्ताच सांगून ठेवतो, हे फक्त फिरवल्यावर होत नाही. डार्क मोड चालू केला, फोनची भाषा बदलली, अक्षरं मोठी केली, स्प्लिट स्क्रीन घेतली, फोल्डेबल उघडला, हे सगळं याच रस्त्याने जातं. फिरवणं सोपं आहे म्हणून बग तिथे आधी दिसतो, एवढंच.

२. लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडचा लॉग दाखवणारं साधन) एवढं लांबलचक येतं, त्यात बघायचं काय?

"फेटल एक्सेप्शन: मेन" शोधा, तिथून खाली या आणि सगळ्यात शेवटचं "कॉज्ड बाय" पकडा. वरचं "अनेबल टू स्टार्ट ॲक्टिव्हिटी" हे नुसतं पाकीट आहे, खरं पत्र आत असतं. त्या शेवटच्या "कॉज्ड बाय"खाली तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ म्हणजे तुमची जागा. मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये फक्त वरच्या चार ओळी पाठवू नका, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

३. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला सांगणारी फाइल) पोर्ट्रेट, म्हणजे उभी स्क्रीन, लॉक केलं आणि क्रॅश थांबला. विषय संपला ना?

नाही. फिरवल्यावरचा क्रॅश थांबला, बाकीचे दरवाजे उघडेच आहेत. पोर्ट्रेट लॉक असलेल्या ॲपमध्ये फॉर्म अर्धा भरा, वरून पट्टी ओढून डार्क मोड चालू करा, तोच क्रॅश तसाच येईल. स्प्लिट स्क्रीनमध्ये तर सिस्टिम तुमचं लॉक जुमानतच नाही. डिझाइनसाठी म्हणून लॉक करायचं असेल तर जरूर करा, बऱ्याच ॲपना आडव्याची गरज नसते हे मान्य, पण क्रॅशवरचा इलाज म्हणून नको. टॅबलेटवर तर हे लॉक आता पाळलं जाईलच असंही नाही, ते प्रश्न २५ मध्ये.

४. मग मॅनिफेस्टच्या कॉन्फिगचेंजेसमध्ये (कोणत्या बदलांना ॲक्टिव्हिटी मोडायची नाही, त्यांची यादी) ओरिएंटेशन लिहिलं तर? मी लिहिलंय तरी ऑनक्रिएट परत येतंय.

आधी ते परत का येतंय ते. अँड्रॉइड ३.२, म्हणजे एपीआय १३ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा डेव्हलपरसाठीचा क्रमांक) पासून फोन फिरवल्यावर ओरिएंटेशनबरोबर स्क्रीनसाइजही बदलली असं धरलं जातं. तुम्ही नुसतं ओरिएंटेशन लिहिलं तर दुसऱ्या बदलासाठी ॲक्टिव्हिटी मोडतेच. दोन्ही लिहावं लागतं, आणि स्प्लिट स्क्रीनही सांभाळायची असेल तर स्मॉलेस्ट-स्क्रीनसाइज आणि स्क्रीनलेआउट पण.

आता वापरावं का. व्हिडिओ प्लेअर, गेम, कॅमेरा, जिथे मोडून परत बांधणं महाग पडतं तिथे नक्की वापरा. पूर्ण कंपोजमध्ये (एक्सएमएलऐवजी कोडमध्येच स्क्रीन लिहायची पद्धत) लिहिलेल्या ॲपलाही फारसा त्रास होत नाही कारण कंपोज स्वतः परत काढतं. पण एक्सएमएल लेआउटच्या साध्या ॲपमध्ये हे लावलं की आडवा लेआउट आपोआप लोड होत नाही, ते सगळं ऑनकॉन्फिगरेशन-चेंज्ड मध्ये हाताने करत बसा. आणि प्रोसेस (मेमरीत चालणारं अख्खं ॲप) मेल्यावरचा प्रश्न तसाच राहतो (प्रश्न ६). थोडक्यात ही सोय आहे, क्रॅशवरचं औषध नाही.

५. स्कोअर, लिस्ट, युजरने टाइप केलेलं, हे सगळं कुठे ठेवायचं? व्ह्यूमॉडेल की बंडल?

दोन्ही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. व्ह्यूमॉडेल म्हणजे स्क्रीनचा डेटा ॲक्टिव्हिटीच्या बाहेर सांभाळणारा क्लास, आणि बंडल म्हणजे ऑनसेव्हमध्ये स्थिती भरून सिस्टिमकडे ठेवायची छोटी पिशवी.

समजा एक क्विझ ॲप आहे. वर टेक्स्टव्ह्यूमध्ये स्कोअर ४०, खाली एडिटटेक्स्टमध्ये अर्धवट उत्तर, आणि क्लासमध्ये प्रश्नांची लिस्ट जी नेटवरून आली. फोन फिरवला. एडिटटेक्स्टमधलं उत्तर जसंच्या तसं राहिलं, कारण ज्या व्ह्यूला आयडी आहे त्याची स्वतःची स्थिती सिस्टिम जपते, आणि एडिटटेक्स्ट मजकूर जपतो. टेक्स्टव्ह्यू मात्र एरवी मजकूर जपत नाही म्हणून स्कोअर परत ० झाला. आणि लिस्ट नवीन ऑब्जेक्टमध्ये रिकामी आहे, त्यामुळे "पुढचा प्रश्न" दाबलं की इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स (लिस्टमध्ये नसलेली जागा मागितल्याचा एरर) येऊन ॲप क्रॅश. याच्यामुळेच लोकांना वाटतं की अँड्रॉइड मनाला येईल ते ठेवतो आणि मनाला येईल ते फेकतो, तसं नाहीये.

यात प्रश्नांची लिस्ट व्ह्यूमॉडेलमध्ये जाईल. व्ह्यूमॉडेल फिरवण्यातून वाचतं, ॲक्टिव्हिटी नवीन आली तरी तेच जुनं ऑब्जेक्ट तिच्या हाती येतं, स्क्रीन कायमची बंद झाली की मगच साफ होतं. स्कोअर आणि आत्ता कितव्या प्रश्नावर आहोत हा आकडा, हे बारीक पण महत्त्वाचं, ते सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये ठेवा, म्हणजे ते बंडलमध्येही जातं आणि प्रोसेस मेली तरी परत मिळतं. मोठं काही बंडलमध्ये कोंबू नका, त्याचं काय होतं ते प्रश्न २३ मध्ये आहे. आणि जे कायमचं राहायला हवं, म्हणजे युजरने सेव्ह दाबलेलं, ते डेटाबेसमध्ये. बॅक दाबून युजरने स्क्रीन कायमची बंद केली तर ऑनसेव्ह येतच नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर कायमचं काही ठेवू नका.

६. व्ह्यूमॉडेल वापरतोय तरी डेटा जातो, असं कसं?

पहिला संशय, तुम्ही ते हाताने बनवताय. ऑनक्रिएटमध्ये सरळ कन्स्ट्रक्टर मारून व्ह्यूमॉडेल बनवलं तर ते नावाचंच व्ह्यूमॉडेल, दरवेळी नवीन. व्ह्यूमॉडेल-प्रोव्हायडरकडून किंवा "बाय व्ह्यूमॉडेल्स" लिहूनच घ्यायचं.

दुसरं, फिरवल्यावर राहतं पण ॲप मागे टाकून बऱ्याच वेळाने परत आल्यावर जातं, असं असेल तर सिस्टिमने मेमरीसाठी तुमची प्रोसेसच मारली आहे. तेव्हा व्ह्यूमॉडेल, सिंगलटन (ॲपभर एकच असणारं ऑब्जेक्ट), स्टॅटिक, सगळंच जातं, फक्त बंडल परत मिळतं. यात फसवं हे की युजरला ॲप त्याच स्क्रीनवर उघडलेलं दिसतं, तुमच्या कोडला मात्र आधीच्या स्क्रीनवर भरलेलं सिंगलटन रिकामं मिळतं, आणि नलपॉइंटर (नसलेल्या ऑब्जेक्टला हात लावल्याचा क्रॅश). हे मुद्दाम घडवून कसं बघायचं ते प्रश्न १७.

७. आडवं केल्यावरच नलपॉइंटर येतो, तेही बटणावर. उभ्यात तेच बटण चालतं.

लेआउट-लँड फोल्डर (आडव्या स्क्रीनचे लेआउट असतात तो) उघडा. पैजेवर सांगतो, आडव्या लेआउटमध्ये ते बटण एकतर नाही किंवा त्याचा आयडी वेगळा आहे. कोणीतरी उभ्या लेआउटमध्ये नवीन बटण टाकलं आणि आडव्यात टाकायचं राहिलं, नेहमीचंच. व्ह्यूबाइंडिंग वापरलं तर एकाच लेआउटमध्ये असलेला व्ह्यू नलेबल (रिकामा असू शकणारा) होतो आणि कॉटलिनचा कंपायलर आधीच अडवतो, नुसत्या फाइंड-व्ह्यू-बाय-आयडीला हे कळत नाही.

चित्रांचंही तसंच, ड्रॉएबल-लँडमध्येच फाइल असेल तर उभ्यात रिसोर्स-नॉट-फाउंड येतो. मूळ फोल्डरमध्ये एक प्रत हवीच.

याचाच चुलत भाऊ म्हणजे "राँग स्टेट क्लास, एक्स्पेक्टिंग व्ह्यू स्टेट बट रिसीव्हड..." असा मेसेज. उभ्यात एखादा आयडी चेकबॉक्सला दिलाय आणि आडव्यात तोच आयडी दुसऱ्याच प्रकारच्या व्ह्यूला, मग एकाची जपलेली स्थिती दुसऱ्याच्या गळ्यात पडते आणि तो नाकारतो. आयडी वेगळे करा, संपलं.

८. "लेटइनिट प्रॉपर्टी हॅज नॉट बीन इनिशियलाइज्ड", पण फक्त फिरवल्यावर. पहिल्यांदा बरोबर चालतं.

ऑनक्रिएटमध्ये "सेव्हड-इन्स्टन्स-स्टेट नल असेल तर" अशी अट आहे ना? (हे सेव्हड-इन्स्टन्स-स्टेट म्हणजे तेच बंडल.) आणि ॲडॅप्टर (लिस्टला डेटा पुरवणारं ऑब्जेक्ट) वगैरे त्या अटीच्या आत बनतोय. पहिल्या वेळी बंडल नल असतं म्हणून आतला कोड चालतो, फिरवल्यावर बंडल भरलेलं येतं, आतला कोड वगळला जातो, ॲडॅप्टर बनतच नाही, आणि पुढच्याच ओळीत त्याला हात लावला की क्रॅश. नवीन ॲक्टिव्हिटीला सगळं नवीनच लागतं, म्हणून ऑब्जेक्ट बनवणं नेहमी अटीच्या बाहेर. आत फक्त एकदाच करायच्या गोष्टी, जसं पहिला फ्रॅगमेंट (ॲक्टिव्हिटीच्या आत बसणारा स्क्रीनचा तुकडा) टाकणं (प्रश्न १०).

९. "अनेबल टू इन्स्टॅन्शिएट फ्रॅगमेंट... एम्प्टी कन्स्ट्रक्टर" असा एरर येतो, मी तर कन्स्ट्रक्टरमधून डेटा नीट पाठवतोय.

तेच तर. पहिल्यांदा फ्रॅगमेंट तुम्ही बनवता, फिरवल्यावर तो सिस्टिम बनवते, आणि तिला तुमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये काय भरायचं ते माहीत नसतं. ती रिकामा, पब्लिक कन्स्ट्रक्टर शोधते, तो मिळाला नाही की हा एरर. नुसता रिकामा कन्स्ट्रक्टर जोडून दिला तर हा एरर जाईल पण डेटा नल येईल आणि क्रॅश दोन ओळी पुढे सरकेल. डेटा आर्ग्युमेंट्सच्या बंडलमधून पाठवा, ते सिस्टिम स्वतः परत जोडते. इनर क्लास किंवा प्रायव्हेट क्लास म्हणून लिहिलेला फ्रॅगमेंटही इथेच अडकतो. कन्स्ट्रक्टर ठेवायचाच असेल, हिल्टशिवाय (क्लासला लागणारी ऑब्जेक्ट आपोआप पुरवणारी लायब्ररी) डिपेंडन्सी द्यायची असेल वगैरे, तर फ्रॅगमेंट-फॅक्टरी आहे, पण ती सुपर-ऑनक्रिएटच्या आधी लावायची.

१०. फिरवलं की फ्रॅगमेंट एकावर एक चढलेले दिसतात, मागचा मजकूर पुढच्यातून दिसतो.

फ्रॅगमेंट मॅनेजरने जुना परत आणला आणि तुम्ही ऑनक्रिएटमध्ये परत एक ॲड केला. बंडल नल असेल तरच ॲड करा. प्रश्न ८ मधली अट इथे बरोबर जागी असते.

११. "कॅन नॉट परफॉर्म धिस ॲक्शन आफ्टर ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट". नेटवर कमिट-अलाउइंग-स्टेट-लॉस लिहा म्हणतात, लिहू का?

सर्वात जास्त विचारलेला प्रश्न बहुतेक हाच. फ्रॅगमेंटची स्थिती जपून झाली, त्यानंतर तुम्ही नवीन फ्रॅगमेंट टाकायला गेलात. तो बदल जपलेल्या स्थितीत नाही, म्हणजे ॲक्टिव्हिटी परत बनली तर हरवणार, म्हणून फ्रॅगमेंट मॅनेजर सरळ एक्सेप्शन फेकतो. सहसा असं होतं की नेटवर्कचं उत्तर यायला दोन सेकंद लागले, तेवढ्यात युजरने फोन फिरवला किंवा होम दाबलं, आणि उत्तर आल्यावरचा कॉलबॅक जुन्याच ॲक्टिव्हिटीच्या मॅनेजरवर कमिट मारतो, म्हणजे फ्रॅगमेंटचा बदल लागू करायला जातो.

कमिट-अलाउइंग-स्टेट-लॉस लिहिल्यावर एक्सेप्शन जाईल, पण ते हरवणं जाणार नाही. लोडरचा फ्रॅगमेंट काढून टाकायचा असेल, हरवला तरी कोणाचं काही बिघडत नाही, तिथे बिनधास्त लिहा. "पेमेंट झालं" असा फ्रॅगमेंट दाखवायचा असेल तर मात्र नको, युजर परत आल्यावर त्याला पेमेंटचीच स्क्रीन दिसेल आणि तो परत पैसे भरेल. योग्य पद्धत अशी की उत्तर व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवा, आणि स्क्रीनने ते रिपीट-ऑन-लाइफसायकल वापरून, स्टार्टेड अवस्थेत असतानाच ऐकावं. मग स्क्रीन नसताना कोणी कमिट मारतच नाही.

१२. लोडर किंवा डायलॉग उघडा असताना फिरवलं की "विंडो लीक्ड" येतं, कधी "व्ह्यू नॉट अटॅच्ड टू विंडो मॅनेजर".

"विंडो लीक्ड" हा नुसता लॉगमधला ओरडा आहे, त्याने ॲप पडत नाही. पाडतो तो दुसरा: डायलॉगची ॲक्टिव्हिटी गेली आणि नंतर कोणीतरी त्याच डायलॉगवर डिसमिस मारलं. उलट बाजू म्हणजे मेलेल्या ॲक्टिव्हिटीवर शो मारलं तर बॅड-टोकन, "इज युवर ॲक्टिव्हिटी रनिंग" विचारणारा. डायलॉग-फ्रॅगमेंट वापरा, तो फिरवल्यावर स्वतः परत येतो. फक्त त्याला सेटरने लिसनर देऊ नका, परत आलेल्या डायलॉगमध्ये तो लिसनर नसतो आणि ओके दाबलं की नलपॉइंटर. फ्रॅगमेंट रिझल्ट एपीआय त्यासाठीच आहे. प्रोग्रेस-डायलॉग तर एपीआय २६ पासूनच डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नका असं सांगितलेला) आहे, लेआउटमध्ये साधा प्रोग्रेसबार ठेवला की हा अख्खा प्रश्नच उरत नाही.

१३. एपीआय कॉल (सर्व्हरकडे डेटा मागणं) चालू असताना फिरवलं की "फ्रॅगमेंट नॉट अटॅच्ड टू अ कॉन्टेक्स्ट".

कॉलबॅकमध्ये रिक्वायर-कॉन्टेक्स्ट मारताय, आणि तोवर फ्रॅगमेंट सुटलाय. जागोजागी "ॲडेड आहे का" तपासत बसू नका. कॉल व्ह्यूमॉडेल-स्कोपमध्ये हलवा, तो फिरवण्यातून वाचतो, म्हणजे युजरला परत लोडरही बघावा लागत नाही. लाइफसायकल-स्कोपमध्ये असेल तर फिरवताना कॉल रद्द होतो, क्रॅश नाही पण काम अर्धवट. फ्रॅगमेंटमध्ये लाइव्हडेटा (व्हॅल्यू बदलली की ऐकणाऱ्याला कळवणारं ऑब्जेक्ट) ऐकताना "धिस" न देता व्ह्यू-लाइफसायकल-ओनर द्या. असिंक-टास्क (मागे काम चालवायचा जुना क्लास) अजून कोणाकडे असेल तर तो एपीआय ३० मध्ये डेप्रिकेट झाला, आणि जुन्या ॲक्टिव्हिटीला धरून ठेवणं ही त्याची जुनीच खोड.

१४. फिरवलं की "लॉगिन झालं" चा टोस्ट परत येतो, आणि कधी कधी नेव्हिगेशनचा क्रॅश.

लाइव्हडेटा नवीन ऐकणाऱ्याला शेवटची व्हॅल्यू परत देतो. नवीन स्क्रीन म्हणजे नवीन ऐकणारा. टोस्ट दोनदा आला तर चालून जातं, पण त्याच इव्हेंटवर नॅव्हिगेट लिहिलं असेल तर आपण आधीच पुढच्या स्क्रीनवर असतो आणि "डेस्टिनेशन कॅनॉट बी फाउंड फ्रॉम द करंट डेस्टिनेशन" येतं. इव्हेंट वापरून झाला की व्ह्यूमॉडेलला तसं सांगून तो पुसा. स्टेटफ्लोलाही (कॉटलिनमधला तसाच प्रकार) हेच लागू.

१५. कॅमेऱ्यातून फोटो काढून आलं की क्रॅश, तोही काही फोनवरच.

कॅमेरा आडवा धरतात, आणि वर कॅमेरा मेमरी भरपूर खातो, म्हणजे परत येईपर्यंत ॲक्टिव्हिटी तर मोडलेली असतेच, कमी रॅमच्या फोनवर प्रोसेसही गेलेली असते. फोटो कुठे सेव्ह करायचा ती यूआरआय तुम्ही साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती, ती आता नल. सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये ठेवा. आणि रजिस्टर-फॉर-ॲक्टिव्हिटी-रिझल्ट हे बटणाच्या क्लिकमध्ये लिहू नका, ते क्लासच्या वरच, फील्ड म्हणून. ॲक्टिव्हिटी स्टार्ट होण्याच्या आधी नोंदणी झाली पाहिजे, नाहीतर "अटेम्प्टिंग टू रजिस्टर व्हाइल करंट स्टेट इज रेझ्युम्ड" म्हणून वेगळाच क्रॅश.

१६. एकदा फिरवलं तर काही नाही, खूप वेळा उभं-आडवं केलं की आउट-ऑफ-मेमरी.

जुनी ॲक्टिव्हिटी सुटत नाहीये. सिंगलटनमध्ये ॲक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट ठेवलाय, लोकेशनचा लिसनर काढलेला नाही, हँडलरला लांबचा पोस्ट-डिलेड दिलाय, किंवा व्ह्यूमॉडेलमध्ये व्ह्यू धरलाय, यापैकी काहीतरी. दर फेरीला एक अख्खी स्क्रीन चित्रांसकट मेमरीत साठत जाते. लीककॅनरी लावा, ती कोण कोणाला धरून बसलंय ती पूर्ण साखळी दाखवते. अंदाजाने शोधण्यात वेळ घालवू नका.

१७. हे सगळं टेस्ट कसं करायचं? दरवेळी फोन हलवत बसायचं का?

एम्युलेटरमध्ये फिरवायचं बटण आहेच. पण नुसतं रिकाम्या स्क्रीनवर फिरवून "चालतंय" म्हणू नका, डायलॉग उघडा असताना, कीबोर्ड वर असताना, कॉल चालू असताना फिरवा. ऑटोमेटेड टेस्टमध्ये ॲक्टिव्हिटी-सिनॅरिओचं रिक्रिएट वापरा.

डेव्हलपर ऑप्शन्समधलं "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू केलं की स्क्रीन मागे गेली रे गेली की मोडते, व्ह्यूमॉडेलसकट. त्यात प्रोसेस मात्र जिवंत राहते, सिंगलटन वाचतं, त्यामुळे प्रश्न ६ मधला दुसरा बग यात पकडला जात नाही. त्यासाठी होम दाबून एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) "एएम किल" कमांडने प्रोसेस मारा आणि रिसेंट्समधून परत या. सेटिंग्जमधून फोर्स स्टॉप केलं तर चालणार नाही, त्यात जपलेली स्थितीही जाते.

१८. कंपोजमध्ये तर हे सगळं नसतं ना?

फ्रॅगमेंटची कटकट नाही, बाकी आहे. ॲक्टिव्हिटी मोडते तेव्हा रिमेंबरमधलं (कंपोजचं व्हॅल्यू लक्षात ठेवायचं फंक्शन) जातं, रिमेंबर-सेव्हेबलमधलं राहतं. त्यात स्वतःचा डेटा क्लास ठेवला तर "कॅनॉट बी सेव्हड युझिंग द करंट सेव्हेबल-स्टेट-रजिस्ट्री" असा क्रॅश येतो, कारण बंडलमध्ये बसणारंच त्यात चालतं. क्लास पार्सलेबल (बंडलमध्ये बसेल असा) करा किंवा सेव्हर लिहा. मोठी लिस्ट असेल तर ती इथे नकोच, प्रश्न ५ प्रमाणे व्ह्यूमॉडेलमध्ये.

१९. फ्लटरमध्ये फिरवलं की पिवळे-काळे पट्टे येतात, आणि टाइप केलेलं जातं.

फ्लटरच्या तयार मॅनिफेस्टमध्ये कॉन्फिगचेंजेस आधीच भरलेले असतात, त्यामुळे ॲक्टिव्हिटी मोडत नाही. पट्टे म्हणजे कॉलम आडव्यात मावला नाही, सिंगल-चाइल्ड-स्क्रोल-व्ह्यू किंवा एक्स्पांडेड लावा, रिलीज बिल्डमध्ये पट्टे दिसत नाहीत पण मजकूर कापलेलाच असतो. टाइप केलेलं जातं कारण टेक्स्ट-एडिटिंग-कंट्रोलर बिल्डमध्ये बनतोय, किंवा ओरिएंटेशन-बिल्डर उभ्याला विजेटचं (स्क्रीनच्या घटकांचं) एक झाड आणि आडव्याला वेगळंच झाड देतोय, मग जुन्या विजेटची स्टेट फेकली जाते. आणि अशा फेकलेल्या विजेटवर नंतर सेटस्टेट झालं की "सेटस्टेट कॉल्ड आफ्टर डिस्पोज", अवेटनंतर माउंटेड आहे का ते बघा.

२०. रिॲक्ट नेटिव्हमध्ये फिरवल्यावर नाही पण फॉन्ट मोठा केल्यावर क्रॅश येतो.

तयार टेम्प्लेटमध्ये ओरिएंटेशन, स्क्रीनसाइज, यूआयमोड आहेत, फॉन्टस्केल नाही. म्हणून तिथे ॲक्टिव्हिटी खरंच मोडते आणि रिॲक्ट-नेटिव्ह-स्क्रीन्स ही लायब्ररी "स्क्रीन फ्रॅगमेंट्स शुड नेव्हर बी रिस्टोअर्ड" म्हणून पडते. मेन-ॲक्टिव्हिटीत सुपर-ऑनक्रिएटला बंडलच्या जागी नल द्या, त्या लायब्ररीच्या सूचनांत यासाठीचा बदल दिलेला असतो, लोक वाचत नाहीत. आकारासाठी डायमेन्शन्स-गेट एकदाच वरती वाचून ठेवू नका, यूज-विंडो-डायमेन्शन्स वापरा.

२१. आयओएसवर तर व्ह्यूकंट्रोलर (तिथला स्क्रीन सांभाळणारा क्लास) मोडत नाही, मग क्रॅश का?

बरोबर, मोडत नाही. तिथे नेहमीचा क्रॅश म्हणजे "सपोर्टेड ओरिएंटेशन्स हॅज नो कॉमन ओरिएंटेशन विथ द ॲप्लिकेशन". इन्फो-पीलिस्टमध्ये (आयओएस ॲपची माहितीची फाइल) फक्त पोर्ट्रेट आणि एखादा कंट्रोलर म्हणतो मला फक्त लँडस्केप, दोघांचं काहीच जुळत नाही. ॲपच्या पातळीवर दोन्ही परवानग्या द्या आणि कंट्रोलरमध्ये आवळा. गंमत म्हणजे यूआय-इमेज-पिकर फक्त पोर्ट्रेटला चालतो, म्हणून फक्त-लँडस्केप ॲपमध्ये तो उघडला की हाच क्रॅश.

यूआय-डिव्हाइसला ओरिएंटेशनची व्हॅल्यू जबरदस्ती लावायची जुनी ट्रिक आयओएस १६ पासून चालत नाही, विंडो-सीनवर रिक्वेस्ट-जॉमेट्री-अपडेट वापरा. आणि डिव्हाइसचं ओरिएंटेशन "फेस-अप" पण असू शकतं, फोन टेबलावर पडलेला असताना. उभं-आडवं एवढंच धरून स्विच लिहिलाय आणि डिफॉल्टमध्ये फेटल-एरर टाकलाय, तर युजरने फोन खाली ठेवला की ॲप गेलं. लेआउटसाठी विंडो-सीनचं इंटरफेस-ओरिएंटेशनच बघा.

२२. फक्त अँड्रॉइड ८.० वर क्रॅश: "ओन्ली फुलस्क्रीन ओपेक ॲक्टिव्हिटीज कॅन रिक्वेस्ट ओरिएंटेशन".

हा तुमच्या लॉजिकचा दोष नाही. टार्गेट एपीआय (ॲप ज्या आवृत्तीसाठी बनवलंय ती) २७ किंवा वर, थीम पारदर्शक, आणि ओरिएंटेशन लॉक, हे तिन्ही एकत्र आले की ८.० ला चालत नाही. ८.१ मध्ये ती अट काढली, म्हणून बाकी सगळीकडे ठीक. त्या ॲक्टिव्हिटीचं लॉक काढा किंवा ओरिएंटेशन "बिहाइंड" करा, मागच्या स्क्रीनचं ती उचलते.

२३. फिरवलं तर ठीक, होम दाबलं की ट्रान्झॅक्शन-टू-लार्ज. हे याच विषयातलं आहे का?

हो. फिरवताना बंडल तुमच्याच प्रोसेसमध्ये राहतं, ॲप मागे गेलं की ते बाइंडरमधून (प्रोसेसची आपसातली देवाणघेवाण करणारी यंत्रणा) सिस्टिमकडे पाठवलं जातं, आणि बाइंडरचा बफर अख्ख्या प्रोसेसला मिळून १ एमबी. अँड्रॉइड ७.० पासून यावर सरळ क्रॅश येतो. बंडलमध्ये बिटमॅप किंवा अख्खी लिस्ट आहे, शोधा. फ्रॅगमेंटची आर्ग्युमेंट्सही यात मोजली जातात हे विसरतात, दहा फ्रॅगमेंट मागे साठले आणि प्रत्येकात मोठं ऑब्जेक्ट असलं की झालं. फक्त आयडी पाठवा.

२४. आडवा फोन उलट्या बाजूने आडवा केला तर कॅमेरा प्रीव्ह्यू उलटा दिसतो, ऑनक्रिएट येतच नाही.

येणारच नाही. डावीकडून आडवा आणि उजवीकडून आडवा, दोन्ही सिस्टिमसाठी लँडस्केपच, आकारही तोच, म्हणजे कॉन्फिगरेशन बदललंच नाही. डिस्प्ले-लिसनर लावून रोटेशन स्वतः ऐका आणि कॅमेराएक्समध्ये टार्गेट-रोटेशन बदला.

२५. टॅबलेटवर आमचं पोर्ट्रेट लॉक चालेनासं झालं, आधी चालायचं.

टार्गेट एपीआय ३६ केलंय का बघा. अँड्रॉइड १६ वर, ज्या स्क्रीनची सगळ्यात लहान बाजू ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) किंवा जास्त आहे तिथे, ओरिएंटेशन लॉक, रिसाइझ बंद आणि आस्पेक्ट रेशोच्या अटी दुर्लक्षित होतात. साधे फोन यात येत नाहीत, उघडलेला मोठा फोल्डेबल येतो. मॅनिफेस्टमध्ये ॲपची कॅटेगरी गेम अशी असेल तर त्यांना सूट आहे. बाकीच्यांसाठी मॅनिफेस्टमध्ये लावायची एक प्रॉपर्टी आहे, "कॉम्पॅट-अलाउ-रिस्ट्रिक्टेड-रिसाइझेबिलिटी" नावाची, पण ती तात्पुरती, एपीआय ३७ टार्गेट केलं की ती चालणार नाही. तेवढ्या अवधीत आधी प्रश्न ७ मधले आडवे लेआउट तपासून घ्या, लॉक असलेल्या ॲपमध्ये ते वर्षानुवर्षं कोणी उघडलेलेच नसतात.